पाणी सिंदखेडचे, पेठ देऊळगावची

जालन्याहून पूर्वेकडे निघालेली सडक वऱ्हाडच्या हद्दीत शिरली, म्हणजे प्रवाशाच्या ध्यानी प्रथम येते ती या मुलखाची कोरड. काळ्या कातळाचे सपाट माथे, नाल्यांनी जागोजाग चिरलेली जमीन, आणि वैशाखात ज्यांच्या पात्रातून गाडीची चाके धूळ उडवीत पार होतात अशा नद्या, हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील बालाघाटाचे बारमाही रूप होय. आणि म्हणूनच सिंदखेडराजाच्या शिवारात शिरल्यावर, एखाद्या कोटाच्या तटासारखी उभी असलेली एक दगडी भिंत दिसावी, तिच्यावर चढून पाहावे तो पलीकडे शत्रू नव्हे तर पाणी असावे, या गोष्टीने मनुष्य क्षणभर विस्मित होतो. हा मोती तलाव. मी प्रथम गेलो तेव्हा कार्तिक लागलेला होता, पाण्यावर बगळे उतरत होते, आणि बांधाखालच्या शेतात हरभऱ्याचे अंकुर नुकतेच वर आले होते.

सिंदखेडला जाणारा बहुतेक यात्रिक ज्या कारणासाठी जातो ते कारण इतके थोर आहे की, त्यापुढे गावाची अन्य कोणतीही गोष्ट सांगणे धारिष्ट्याचेच ठरावे. १२ जानेवारी १५९८ या दिवशी लखुजीराव जाधव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी येथील राजवाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. त्या वाड्याचे महाद्वार आजही उभे आहे, आणि दरवर्षी त्या तारखेला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक येऊन त्यापुढे नतमस्तक होतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात ती कन्या वाढली ते घर एका नगरात होते, त्या नगराला पाणी लागत होते, बाजार लागत होता, विणकर, सराफ, तेली, तांबट लागत होते, आणि हे सर्व कोणीतरी विचारपूर्वक जमविले होते, या बाजूकडे मात्र आपल्या इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच गेले. वाड्याला आपण वंदन करतो, आणि ज्या पाण्यावर तो वाडा जगला त्याकडे पाठ फिरवून मोटारीत बसतो.

त्या पाण्याची मांडणी पाहण्याजोगी आहे. मोती तलावाखेरीज गावाला दुसरा जलाशय आहे तो चांदणी तलाव. त्याच्या मध्यभागी एक तीन मजली वास्तू असून, पाऊस चांगला झाला म्हणजे तिचे खालचे अंग पाण्यात बुडते आणि वरचे पाण्यात पडलेल्या आपल्याच सावलीकडे पाहत राहते. पुतळा बारव ही या सर्वांतील अलंकारिक कृती. पायऱ्या उतरत जावे तशा भिंतीतल्या शिल्पमूर्ती एकामागून एक समोर येतात, आणि पाण्यासाठी घागर घेऊन उतरणाऱ्या बायकांना रोज जिच्याशेजारून जायचे होते अशी ती कलाशाळाच होती, असे वाटते. नीळकंठेश्वराच्या हेमाडपंती देवळापुढचे पायऱ्यांचे कुंड या सर्वांहून जुने. म्हणजे जाधवांनी पाण्याची परंपरा येथे निर्माण केली असे नव्हे. यादवकाळापासून चालत आलेला संस्कार त्यांनी आपल्या वैभवाच्या मापाने वाढविला. आपले कुळ देवगिरीच्या यादवांचे, असे जाधव सांगत; वंशावळीचा वाद पंडितांनी घालावा, परंतु पाण्याच्या बाबतीत तरी हा वारसा त्यांनी खरा करून दाखविला, यात शंका नाही.

तलाव आणि बारव ही जोडी समजून घेण्यासारखी आहे. या मुलखातला कातळ पाणी सहजासहजी पीत नाही. मृगापासून हस्तापर्यंत जे काय आभाळातून पडेल ते नाल्याने वाहून जाते, आणि पौषानंतर विहिरी तळ गाठू लागतात. अशा ठिकाणी नाल्याला आडवा बांध घातला, की अडलेले पाणी काही वरून वापरता येते आणि काही भेगांतून हळूहळू झिरपून खालच्या अंगाच्या विहिरींना मिळते. वरचे पाणी बागाईताला व गुराढोरांना, खालचे माणसांना, असा हा सोपा हिशेब; मात्र तो उभा करण्यास शेकडो गवंडी, पाथरवट, बेलदार आणि वर्षानुवर्षे न आटणारा खजिना लागतो. ज्या सरदाराला केवळ लढायचे असते तो कोट बांधतो. ज्याला आपल्या नातवंडांनी येथेच नांदावे असे वाटते तो तलाव बांधतो. सिंदखेडास काळा कोटही आहे, त्याच्या भिंतींची जाडी पाहून छाती दडपते हेही खरे. पण माझ्या मते जाधवांचे मन कोटापेक्षा तलावात अधिक वाचता येते.

येथे थोडे दूर जाण्याची वाचकांनी अनुज्ञा द्यावी. ज्या काळी लखुजीरावांचा सिंदखेडास अंमल होता, जवळजवळ त्याच काळी चीन देशात, सूचौ शहराच्या आसमंतात, ताइ-हू सरोवराच्या काठच्या सखल प्रदेशातली लहान लहान गावे रेशमाच्या व्यापारावर गबर झाली होती. त्या गावांत रस्त्यांचे काम कालवेच करीत; घराची एक पायरी पेठेत तर दुसरी पाण्यात, होडीतून माल थेट दुकानाच्या मागल्या दारी. त्यांतल्या चौच्वांग नावाच्या गावातले, काटकोनात जुळलेले दोन दगडी पूल मिंग घराण्यातील वान-ली बादशहाच्या आमदानीत, म्हणजे १५७३ ते १६२० या अवधीत बांधले गेले, आणि आजही लोक त्यांवरून जातात. जिजाऊ जन्मल्या ते वर्ष याच अवधीत पडते. दोन्हीकडे पाणी आणि पेठ यांचा संसार. परंतु तिकडे पाणी इतके की त्याला वाट काढून द्यावी लागे, आणि इकडे इतके कमी की त्याची वाट अडवावी लागे. त्या चिनी गावाची दंतकथाही ऐकण्यासारखी आहे. शेन वान-सान नावाचा तेथला एक कुबेर. त्याने नानकिंगच्या तटाचा मोठा हिस्सा आपल्या पैशाने बांधून दिला, तेव्हा एका प्रजाजनाजवळ एवढे द्रव्य असावे याचीच धास्ती बादशहाने घेतली आणि त्याला दूर युन्नान प्रांतात हद्दपार केले, असे सांगतात. खरेखोटे देव जाणे. पण धन्याला सेवकाचे वैभव डोईजड वाटू लागले म्हणजे काय होते, हे जाणण्यासाठी सिंदखेडकरांना चीनपर्यंत जावे लागले नाही.

पेठ कशी बसे, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात उरलेले नाही. दक्षिणेत त्या काळी सर्वत्र जी चाल होती ती अशी, की नवी पेठ वसवायची झाल्यास जहागीरदार व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना कौल देई: अमुक वर्षे मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा कर, माफ, जकात हलकी, घराला जागा फुकट, आणि पुढे इस्ताव्याने सारा चढत जाईल. शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार. तंटे तोडणे, वजनमापे पाहणे, नव्या दुकानदाराला जागा नेमून देणे ही कामे त्यांच्याकडे असत आणि त्याबद्दल बाजारात येणाऱ्या जिनसांवर त्यांचा हक्क चाले. लमाणांचे तांडे मीठ व धान्य बैलांच्या पाठीवर लादून येत. त्यांना उतरायला माळ आणि बैलांना प्यायला पाणी हवे असे. हजार बैल एका मुक्कामी किती पाणी पितात, याचा अंदाज ज्याला आहे त्याला तलाव आणि बाजार यांचे नाते निराळे समजावून सांगावे लागणार नाही. मात्र कौलाचा कागद कितीही गोड असला तरी व्यापारी त्यावर विसंबत नसे. तो कौल देणाऱ्याचा हात किती दिवस बळकट राहील याचा अदमास घेई.

आणि सिंदखेडचे दुर्दैव असे, की हा अदमास घेणे येथे फारच अवघड होते. १५९६ साली अहमदनगरच्या निजामशाहीतर्फे चांदबिबीने मोगलांशी तह करून वऱ्हाड त्यांच्या स्वाधीन केले, तेव्हापासून हा टापू दोन सत्तांच्या शिवेवर आला. पूर्वेस व उत्तरेस मोगल, पश्चिमेस दौलताबाद धरून बसलेली निजामशाही, आणि मध्ये जाधवांची जहागीर. शिवेवर शेत असलेल्या कुणब्याला ज्याप्रमाणे दोन्ही शेजाऱ्यांची मर्जी राखावी लागते त्याप्रमाणे लखुजीरावांना राखावी लागली. निजामशाहीचे ते बडे सरदार होते. १६२१ च्या सुमारास ते मोगलांकडे गेले, तेथे त्यांना व त्यांच्या कुटुंबाला मिळून फार मोठी मनसब मिळाली. आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तर असा प्रसंग आला की सासरा मोगलांच्या फौजेत आणि जावई शहाजीराजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या फौजेत उभे राहिले. १६२६ साली मलिक अंबर वारला. त्याच्यामागे निजामशाहीचा कारभार संशयी आणि उथळ माणसांच्या हाती गेला, आणि अशा वेळी लखुजीराव पुन्हा निजामशहाकडे परतले. का परतले, याची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. जुन्या धन्याची ओढ, नव्या धन्याबद्दल नाराजी आणि जहागिरीची चिंता या तिन्ही गोष्टी त्यात असाव्यात.

२५ जुलै १६२९, श्रावणी पौर्णिमा. लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हे दौलताबादच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशहाच्या मुजऱ्यास गेले असता तेथेच त्यांच्यावर हत्यारे चालली आणि चौघेही मारले गेले. घराण्याच्या तीन पिढ्या एका प्रहरात कापल्या गेल्या. ज्या सणाला बहिणी भावांच्या हाताला राखी बांधतात त्या दिवशी जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा यांची प्रेते दौलताबादेत पडली होती. आणि त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले, म्हणजे ही वार्ता पोचली त्या वेळी जिजाऊ गर्भवती होत्या. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे पुढील अर्धशतकाच्या इतिहासातले पुष्कळसे उमगू लागते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मागे उरलेले जाधव सिंदखेडास परतले आणि मोगलांच्या आश्रयास गेले, जहागीर वाचली. मृतांची समाधी सिंदखेडात उभी राहिली. तिचा भव्य घुमट दुरून एखाद्या बादशाही मकबऱ्यासारखा दिसतो, आणि आत गेल्यावर ती हिंदूंची समाधी आहे हे कळून मनाला एक प्रकारचा चटका बसतो. परंतु नगराच्या दृष्टीने खरा घाव पुढेच होता. १६३० साली पाऊस पडला नाही, आणि पुढल्या दोन वर्षांत गुजरात व दक्षिण या प्रांतांवर जो दुष्काळ कोसळला त्याचे वर्णन खुद्द शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराला करावे लागले. बादशहाची छावणी त्या वेळी बऱ्हाणपुरास होती आणि मुमताजमहल तेथेच १६३१ च्या जूनमध्ये वारली. लष्कराच्या मागे दाणागोटा ओढला जात होता, आणि खेडी ओस पडत होती. तलाव ही साठवण आहे. आभाळच फिरले तर साठवण तरी कशाची करणार?

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली. शीव नाहीशी झाली, पण शिवेबरोबर सिंदखेडचे महत्त्वही ओसरले. पुढील काळात जाधव घराण्याची शाखा पंधरा-सोळा किलोमीटरांवरच्या आमना नदीकाठी नांदू लागली, आणि पूर्वी देऊळवाडी म्हणून असलेल्या लहानशा वस्तीचे देऊळगावराजा झाले. जाधवांच्या घरातला दासीपुत्र रसोजी याने या गावाला भरभराट आणली, असे इंग्रजी आमदानीतल्या गॅझेटियरकारांनी नमूद केले आहे. गावाभोवती तट आला, विणकर आले, जैन व्यापारी आले, सावकारांच्या पेढ्या आल्या. आणि या सर्वांच्या मध्यभागी बालाजी आला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहता हा शेवटचा रहिवासी सर्वांत महत्त्वाचा. राजाचा कौल राजाबरोबर संपतो, देवाची यात्रा दरसाल भरते. आश्विनात बालाजीचा उत्सव सुरू झाला, सागवानी लाटा, म्हणजे लांब खांब, खांद्यावर घेऊन शेकडो भाविक मंडप उभारू लागले, की त्या मंडपाच्या सावलीत रेशीम, सुपारी, भांडी, गुरे यांचा बाजार आपोआप लागे; देवापुढे येणारे उत्पन्न एके काळी लाखाच्या वर जाई, अशीही नोंद आहे. सिंदखेडने पाण्याचा बंदोबस्त केला, देऊळगावने विश्वासाचा. १९०१ च्या शिरगणतीत देऊळगावची वस्ती सिंदखेडच्या दुपटीहून अधिक भरली, हा त्या दोन बंदोबस्तांचा निकाल म्हणावयास हरकत नाही.

याच टापूत पैनगंगेकाठी मेहकर आहे. अकबराच्या काळी ते एका सरकारचे मुख्य ठाणे होते. पण त्याची खरी मातब्बरी त्याहूनही जुनी, आणि ती तलवारीची नव्हे, मागाची. मेहकरच्या मोमीन विणकरांनी इतका पैसा गाठीस बांधला होता की गावाला तट घालण्याचे काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले, आणि मोमीन दरवाजावर शिलालेख कोरून ठेवला. त्याचा काळ १४८८ हा येतो. म्हणजे इमादशाही वऱ्हाडात स्वतंत्र होण्याच्या दोनेक वर्षे आधी मेहकरचे मोमीन आपल्या पेठेचे रक्षण आपणच करू लागले होते. चौच्वांगच्या शेनची कथा दंतकथा असेल. मेहकरच्या विणकरांची कथा दगडावर आहे. तट बांधणारे राजे आपल्याकडे पैशाला पासरी होऊन गेले, परंतु तट बांधणारी पेठ विरळा, आणि तिच्याविषयी आपल्या शालेय पुस्तकांत एक ओळ नसावी हे मला शोचनीय वाटते.

अठराव्या शतकाचा वृत्तांत येथे थोडक्यात उरकतो, कारण तो बहुतांशी घोड्यांच्या टापांचा आहे. १७२४ च्या ऑक्टोबरात सिंदखेडच्या टापूतल्याच साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिजखानास लोळविले आणि दक्षिणेतली निजामाची गादी खऱ्या अर्थाने स्थापन झाली. त्याने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले, लोकांनी जुनेच चालविले. १७५७ च्या अखेरीस सिंदखेडास निजामाच्या बाजूने असलेल्या रामचंद्र जाधवांना मराठ्यांनी कोंडले, दत्ताजी शिंदे व विश्वासराव यांनी निजामअलीला घेरले, आणि निजामाला पंचवीस लक्षांचा मुलूख व नळदुर्ग देऊन सुटका करून घ्यावी लागली. १८०३ मध्ये इंग्रज आणि मराठे यांच्यात असई आणि अडगाव या लढाया होऊन गेल्या. पाठोपाठ पेंढारी, पाठोपाठ पुन्हा दुष्काळ. १८०४ च्या आरंभी इंग्रज सेनापती वेलस्ली या बाजूने गेला तेव्हा सिंदखेड हे चोरांचे घरटे बनल्याचे आणि लोक उपासमारीने मरत असल्याचे त्याने लिहून ठेवले. लखुजीरावांच्या नगराविषयी परक्याच्या लेखणीतून उतरलेला हा अभिप्राय वाचताना खंत वाटते, पण तो खोडून काढता येत नाही.

मग निजामाशी झालेला १८५३ चा करार, वऱ्हाड इंग्रजांच्या देखरेखीखाली, आणि मग आगगाडी. मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने रूळ पुढे सरकले आणि १८६७ मध्ये नागपुरास पोचले. जलंबहून खामगावास फाटा फुटला, त्याचे उद्घाटन १८७० साली खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयोने केले, आणि उत्तरेकडच्या सखल पयनघाटातली कापसाची पेठ जगाच्या बाजारभावावर हलू लागली. दक्षिणेकडे मनमाडहून निघालेला रूळ शतकाच्या शेवटी जालन्यावरून गेला. सिंदखेड, देऊळगाव, मेहकर ही तिन्ही गावे या दोन रुळांच्या मध्ये, दोहोंपासून सारखीच वंचित राहिली. आधी राजाने पेठ हलविली होती. आता रुळांनी हलविली. देऊळगावचा कापूसवाला जालन्याकडे पाहू लागला, मेहकरच्या धोतराला गिरणीच्या धोतराने हटविले. बालाजीची यात्रा मात्र राहिली, कारण तिला रूळ लागत नव्हता.

अलीकडे समृद्धी महामार्ग सिंदखेडराजाच्या शेजारून गेला आहे, म्हणजे तीनशे-चारशे वर्षांनी या गावाला पुन्हा एक मोठा रस्ता लाभला, जरी त्यावरचे वाहन येथे थांबेलच असे नाही. २०२४ च्या जूनमध्ये लखुजीरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचे डागडुजीचे काम चालू असता जमिनीखालून शेषशायी विष्णूची एक देखणी मूर्ती निघाली. जाधवांच्या समाधीखाली त्यांच्याही पूर्वीचे गाव निजलेले आहे याचा तो पुरावा. या बातमीने दोन-चार दिवस गर्दी उसळली. पुतळा बारवेकडे त्या गर्दीतले किती वळले कोण जाणे.

यंदा १२ जानेवारीस ज्यांचे सिंदखेडास जाणे होईल त्यांना एवढीच विनंती, की महाद्वारापुढे माथा टेकून झाल्यावर तासभर राखून ठेवावा आणि मोती तलावाच्या बांधावर, शक्य तर उन्हे कलताना, जाऊन यावे; आणि हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर आमनाकाठी देऊळगावच्या पेठेत शिरावे. पौषात बांधावर पाणी सहसा असते.